तळपायाची आग अंगावर काढू नका

दिल्लीत डिसेंबर उजाडला की खोलीखोलीत रूम हीटर लागतात. ज्यांना ते परवडत नाहीत त्यांच्या दाराशी शेगडी पेटते. रजईतून पाय बाहेर काढून उबेकडे करायचे आणि तसंच झोपी जायचं, ही थंडीतली सवयच. ज्याच्या तळव्यांना गरम-गार कळतं, त्याचा पाय चटका बसताच झोपेतही मागे येतो. ज्याच्या नसा बधिर झाल्या आहेत, त्याचा येत नाही. सकाळी अंगठ्याशी पाण्याने टरारलेला फोड दिसतो आणि तो कशाने आला हे त्याला सांगता येत नाही. एचआयव्हीसोबत अनेक वर्षं जगणाऱ्या माणसांमध्ये असा पाय काही क्वचित दिसणारी गोष्ट नाही.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यापासून निघून हातापायांत पसरलेल्या नसांच्या या आजाराला डॉक्टर न्यूरोपथी म्हणतात. २०१०मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत एचआयव्ही असलेल्या १५३९ जणांचे पाय तपासले गेले. त्यांपैकी ५७ टक्क्यांमध्ये नसा खराब झाल्याची निदान एक तरी खूण सापडली. यांतल्या अनेकांची कसलीच तक्रार नव्हती. भारतात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसोबत जगतात आणि राज्यांमध्ये त्यांची संख्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त आहे. नोकरीधंद्यासाठी दिल्ली, नोएडा, गुरुग्रामला आलेली मराठी माणसंही त्यांत आहेत. एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या, सेंटरमध्ये महिन्याच्या गोळ्या घेताना वजन, खोकला, ताप विचारला जातो. पायांचा विषय निघतोच असं नाही. रुग्णही सांगत नाही. ‘गोळ्यांची गरमी आहे’, ‘थंडीने होतंय’, ‘वय झालं’ अशी स्वतःचीच समजूत घालून त्रास अंगावर काढतो. या आजाराची बरीच कारणं शोधून दूर करता येतात, पण त्यासाठी तक्रार वेळेत कानावर पडावी लागते.

सुरुवात पायापासूनच का?

पायाच्या बोटाला संवेदना देणाऱ्या नसेची मूळ पेशी कंबरेजवळ, मणक्यालगत असते. तिथून तिचा तंतू जवळजवळ मीटरभर खाली जातो. तंतूच्या डागडुजीसाठी लागणारा सगळा माल त्या पेशीत तयार होतो आणि टोकापर्यंत वाहून न्यावा लागतो. कालव्याला पाणी कमी सुटलं की टेलच्या शेताला आधी फटका बसतो, तसंच इथे होतं. त्रास आधी दोन्ही पायांच्या बोटांना, मग तळव्याला, मग घोट्यापर्यंत चढतो. तो गुडघ्याजवळ पोचेपर्यंत हाताच्या बोटांनाही मुंग्या यायला लागतात.

प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो. कोणाला तळपायाची आग होते, कोणाला सुया टोचल्यासारखं वाटतं, कोणाला कापसावर चालल्यासारखं. कोणाला रात्री पायावर चादरसुद्धा सहन होत नाही. काहींना वेदना मुळीच नसतात, फक्त बधिरपणा असतो. चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि चार पावलं गेल्यावर लक्षात येतं. बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, कारण जमिनीची खबर पायांकडून येत नाही आणि डोळ्यांचा आधारही सुटलेला असतो. न दुखणारा पाय अधिक धोक्याचा, हे इथे विसरू नये.

एचआयव्हीचा विषाणू नसेच्या पेशीत शिरून तिला मारत नाही. त्याची प्रथिनं आणि त्याच्याशी लढताना चिडलेल्या प्रतिकारपेशी यांच्यामुळे तंतू झिजतात. उपचार सुरू होण्यापूर्वी सीडी-४ या प्रतिकारपेशींची रक्तातली संख्या जितकी खाली गेलेली असेल, तितका हा धोका वाढतो. म्हणून पाय दुखतात या रागाने एआरटी बंद करणं हा उलटा उपाय आहे. गोळ्या थांबल्या की विषाणू वाढतो आणि नसांची झीजही.

मुंबईत तयार झालेली गोळी

दुसरं कारण औषधांचं. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा एचआयव्ही उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. तोवर बड्या परदेशी कंपन्यांच्या अशाच उपचाराचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होता. या स्वस्त उपचाराने आफ्रिकेपासून भारतापर्यंत असंख्य माणसं मृत्यूच्या दारातून परत आली. त्या तीन औषधांपैकी एक होतं स्टॅव्ह्युडिन.

१ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने मोफत एआरटी सुरू केली, तेव्हा दिल्ली आणि सहा राज्यांतली मिळून आठ सरकारी रुग्णालयं निवडली होती, मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. त्या काळच्या पहिल्या फळीच्या उपचारात स्टॅव्ह्युडिनचा वापर सर्रास होता. ६० किलोंपेक्षा जास्त वजनाच्या माणसाला ४० मिलिग्रॅम, कमी वजनाच्या माणसाला ३० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. हे औषध पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियावर घाव घालतं आणि लांब नसांना तो सर्वांत जास्त लागतो. मेलबर्न, क्वालालंपूर आणि जकार्ता इथल्या रुग्णांच्या अभ्यासात वय जास्त आणि उंची जास्त असलेल्यांना हा त्रास अधिक झाल्याचं दिसलं. उंच माणसाची नस लांब, म्हणून तिला जपणंही कठीण.

२००७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांसाठी ३० मिलिग्रॅमची मात्रा सुचवली आणि २००९मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. भारतातही पुढच्या काही वर्षांत ते मागे पडलं. आज बहुतेकांना मिळते ती टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्रित गोळी, म्हणजे सेंटरवरच्या भाषेत टीएलडी. टीएलडीमुळे नसा अशा जळत नाहीत. पण जे २००४ ते २०१२च्या दरम्यान स्टॅव्ह्युडिनवर होते, त्यांच्यापैकी काहींच्या पायात त्या वर्षांचा हिशेब अजून शिल्लक आहे. औषध बदलल्यावर आग कमी होते, बधिरपणा मात्र पूर्ण जाईलच असं नाही. अशा जुन्या रुग्णाने नव्या डॉक्टरांना पूर्वीची औषधं जरूर सांगावीत.

आज त्रास सुरू झाला असेल तर

मग जुन्या गोळीला दोष देता येत नाही. कारणं दुसरीकडे शोधावी लागतात आणि त्यांतली बरीचशी एआरटी सेंटरच्या टेबलाशी बसूनच हाती लागतात.

पहिला संशयित क्षयाची औषधं. एचआयव्ही असलेल्यांना क्षय होऊ नये म्हणून आयसोनियाझिड सहा महिने दिलं जातं. ते शरीरातलं ब-६ जीवनसत्त्व घटवतं, म्हणून सोबत पायरिडॉक्सिनची, म्हणजे ब-६चीच, गोळी असते. छोटी, कडेला पडलेली ही गोळी ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणून सोडून देणारे बरेच. आयसोनियाझिड चालू असताना पायरिडॉक्सिन चुकवू नये. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षय असेल तर लिनेझोलिड दिलं जातं. ते आठवड्यांमागून आठवडे घेतल्यावर पायांच्या नसांना आणि डोळ्यांच्या नसेलाही इजा करू शकतं. लिनेझोलिड चालू असताना पायात मुंग्या आल्या किंवा दिसायला अंधुक झालं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी क्षय केंद्राला कळवावं. वेळेत कळलं तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध थांबवतात.

दुसरा संशयित मधुमेह. एआरटीमुळे आयुष्य वाढलं, त्यासोबत चाळिशी-पन्नाशीचे आजारही आले. रक्तातली साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) तपासल्याशिवाय झिणझिण्यांचं खापर एचआयव्हीवर फोडू नये. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर दोन गोष्टी सांभाळायच्या. डोल्युटेग्रॅव्हिरमुळे मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून दोन्ही एकत्र असताना मेटफॉर्मिन दिवसाला साधारणपणे १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर ब-१२ घटतं. शुद्ध शाकाहारी माणसाचं ब-१२ आधीच कमी असू शकतं. त्यात मेटफॉर्मिनची भर पडली की नसांचे हाल होतात. ब-१२ची रक्ततपासणी करता येते आणि कमतरता इंजेक्शनने किंवा गोळ्यांनी भरून निघते. पाय सुधारण्याची ही सर्वांत सोपी संधी.

दारू हे तिसरं कारण. ‘रोज थोडीच घेतो’ हे उत्तर डॉक्टरांना दिलं तरी नसांना पटत नाही. चौथं कारण कामाच्या जागेचं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली मंडळी सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी दिल्लीसह देशभर विखुरलेली आहेत. भट्टीवर शिसं हाताळावं लागत असेल, तर तेही नसांना मारक ठरतं आणि त्याची पहिली खूण कित्येकदा मनगट लुळं पडण्यात दिसते. बॅटरी आणि रंगांच्या कारखान्यांतल्या कामगारांनाही हाच धोका असतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण काय काम करतो ते सांगावं.

त्वचेवर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी व्हायला हवी. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आणि अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारख्या भागात आग होत असेल, आधी तिथे पुरळ येऊन गेलं असेल, तर ती नागिणीनंतर मागे राहिलेली वेदना. तिचे उपचार वेगळे.

तपासणी पाच मिनिटांची

डॉक्टर आधी विचारतात : दुखणं, झिणझिण्या, बधिरपणा यांना शून्य ते दहापैकी किती गुण द्याल? मग एक ट्यूनिंग फोर्क हातावर आपटून थरथरता ठेवतात आणि त्याचं बूड पायाच्या अंगठ्याच्या सांध्यावर टेकवतात. रुग्णाने डोळे मिटून थरथर थांबली की सांगायचं. ती दहा सेकंदांहून जास्त जाणवली तर ठीक. पाचाच्या आत संपली, किंवा जाणवलीच नाही, तर नस बिघडली आहे. शेवटी घोट्यामागच्या शिरेवर छोट्या हातोडीने टिचकी मारून पाऊल हलतं का ते पाहतात. एवढंच. महागडी यंत्रं लागत नाहीत. सेंटरवर गर्दी असली तरी ‘माझे पाय एकदा तपासा’ असं म्हणण्यात संकोच नको.

नसांमधून वीज कशी वाहते ते मोजणारी एनसीव्ही ही तपासणी प्रत्येकाला लागत नाही. शिवाय ती फक्त जाड नसांची परीक्षा घेते. आग आणि वेदना वाहून नेणारे तंतू बारीक असतात; ते बिघडले तरी एनसीव्हीचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. असा रिपोर्ट हातात पडला म्हणजे दुखणं मनाचं आहे, असा अर्थ नाही.

औषधाच्या दुकानातून ‘नसांची गोळी’ आणताना

पायांची आग झाली की पावलं पहिल्यांदा वळतात कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे. तिथे मिळणाऱ्या गोळ्यांपैकी चार एचआयव्हीच्या रुग्णाने विशेष जपून घ्याव्यात.

कार्बामॅझेपिन हे नसांच्या दुखण्यावरचं जुनं, स्वस्त औषध. ते डोल्युटेग्रॅव्हिरचं रक्तातलं प्रमाण खाली आणतं. परिणामी विषाणूवरचा ताबा सुटू शकतो. एआरटीच्या डॉक्टरांना न विचारता ते कधीही सुरू करू नये. फिट्ससाठी दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनचंही तसंच.

कॅल्शियम, लोह किंवा झिंक असलेली ‘ताकदीची’ गोळी टीएलडीसोबत गेली तर पोटातच डोल्युटेग्रॅव्हिरला पकडून ठेवते आणि ते पुरेसं शोषलं जात नाही. अॅसिडिटीची मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमवाली औषधंही हेच करतात. अशा गोळीआधी निदान दोन तास किंवा तिच्यानंतर सहा तासांनी टीएलडी घ्यावी. कॅल्शियम किंवा लोह मात्र जेवणासोबत घेतलं तर टीएलडी त्याच वेळी चालते. बी-कॉम्प्लेक्सच्या अनेक कॅप्सूलांत झिंक असतं, म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय लावावी.

डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं नसांच्या आगीवर फारशी चालत नाहीत. उलट टेनोफोव्हिर चालू असताना ती रोज घेतली तर मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. आणि पायरिडॉक्सिन उपयोगाचं म्हणून ते दुप्पट-चौपट खाऊ नये. ब-६ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर तेच न्यूरोपथी करतं.

दुखणं उतरतं कशाने?

कारण सापडलं आणि दूर केलं की निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. उरलेल्या वेदनेसाठीच्या औषधांबद्दल अपेक्षा बेताची ठेवावी. मधुमेहाच्या न्यूरोपथीत उपयोगी पडणारी अॅमिट्रिप्टिलिन आणि प्रीगॅबालिन एचआयव्हीच्या न्यूरोपथीत जेव्हा नीट तपासली गेली, तेव्हा ती नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. अॅमिट्रिप्टिलिनच्या १९९८च्या चाचणीत अॅक्युपंक्चरचाही वेगळा फायदा दिसला नाही. तरी एकेका रुग्णाला यांतलं एखादं औषध चांगलं लागू पडतं, म्हणून डॉक्टर ते काही आठवडे देऊन पाहतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत गॅबापेंटिनला पहिली पसंती आहे. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन यांची मात्रा मूत्रपिंडाच्या तपासणीवर ठरते. दोन्हींनी गुंगी येते, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत दुचाकी टाळावी. ही औषधं एकदम बंदही करू नयेत. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम काहींना आराम देतं. ते जखमेवर लावू नये आणि लावल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत.

रोजचं चालणं, पुरेशी झोप आणि दारू-तंबाखूपासून सुटका यांचा उपयोग गोळीइतकाच धरावा. रात्री चादर टोचत असेल तर पायाशी एखादा खोका ठेवून ती वर उचलून धरता येते.

दिल्लीच्या हवेत पाय सांभाळताना

थंडीत हीटर, शेगडी आणि गरम पाण्याची पिशवी पायांपासून लांब ठेवावी. उबेसाठी शिवण न टोचणारे लोकरी मोजे पुरेत. अंघोळीच्या पाण्याचा अंदाज पायाने नव्हे, कोपराने घ्यावा. मे-जूनमध्ये मंदिर, गुरुद्वारा किंवा दर्ग्याच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालावं लागतं. तिथे जाडसर मोजे घालावेत किंवा सकाळ-संध्याकाळची वेळ निवडावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात चप्पल घालून उतरू नये. बंद बूट बरे.

रोज रात्री पाय पुसून तळवा आरशात पाहावा, किंवा घरच्या माणसाला दाखवावा. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात. नखं सरळ कापावीत, भोवरी ब्लेडने कापू नये. नवे बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घालण्यापूर्वी बुटात हात फिरवून खडा, खिळा नाही ना ते पाहावं. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा राहू द्यावा.

इथे थांबायचं नाही

न्यूरोपथी सहसा महिन्यांच्या गतीने वाढते. ती दिवसांच्या गतीने वाढू लागली तर प्रकरण वेगळं. पायांतली ताकद दोन-चार दिवसांत जाणं, लघवी अडणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं, श्वास अपुरा पडणं, एकच पाऊल अचानक लोंबणं, पायाची जखम काळी पडणं किंवा तिला वास येणं : यांपैकी काहीही झालं तर सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं. सीडी-४ फार खाली असताना सायटोमेगालो नावाचा विषाणू मणक्याजवळच्या नसांवर हल्ला करतो. तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.

कुठे जायचं, काय न्यायचं

दिल्लीत एम्स, सफदरजंग, राम मनोहर लोहिया, लोकनायक, गुरू तेग बहादूर, दीनदयाळ उपाध्याय ही रुग्णालयं आणि मेहरौलीची राष्ट्रीय क्षय संस्था इथे एआरटी सेंटर आहेत. मुलांसाठी कलावती सरन रुग्णालय आहे. नोएडा-गाझियाबाद उत्तर प्रदेशच्या आणि गुरुग्राम-फरिदाबाद हरियाणाच्या एड्स नियंत्रण सोसायटीकडे येतात. पुणे-सांगलीहून बदली होऊन येणाऱ्याने आधीच्या सेंटरमधून रीतसर ट्रान्सफर करून घ्यावी, म्हणजे गोळ्यांत खंड पडत नाही. शंका असेल तर १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल सांगावं का, हा अनेकांना अडवणारा प्रश्न. योग्य औषध निवडायचं तर सांगणं रुग्णाच्याच हिताचं. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं आहे आणि एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारायला मनाई केली आहे.

जाताना एआरटीची हिरवी पुस्तिका, सध्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (केमिस्टकडून आणलेली आणि वैद्याने दिलेलीही), आधी घेतलेल्या क्षयाच्या आणि एचआयव्हीच्या औषधांची नावं आणि साखर, क्रिएटिनिन, ब-१२, सीडी-४, व्हायरल लोड यांचे ताजे रिपोर्ट न्यावेत. एका कागदावर त्रास कधी सुरू झाला, कुठून कुठे चढला आणि रात्री झोपमोड होते का हे लिहून न्यावं. डॉक्टरांनी अंगठ्यावर मोजलेले सेकंद आणि वेदनेचे गुण त्या दिवशीच्या तारखेसह पुस्तिकेत लिहून घ्यावेत, म्हणजे तीन महिन्यांनी औषध लागू पडतंय की नाही हे आकड्यांवरून ठरवता येतं.